आठ, बारा आणि पिवळं टोक

फ्रेमवाल्याला बायकोचा मत्सर वाटायचा. सरळच सांगून टाकतो, आडपडदा कशाला. शेजाऱ्याच्या नव्या गाडीवर जळावं, साडूच्या बढतीवर जळावं, ते जगाच्या रीतीला धरून झालं. पण हा बाबा जळायचा स्वतःच्या लग्नाच्या बायकोवर, आणि तेही का, तर तिला पाखरं जास्त दिसतात म्हणून! आता बोला.

तसा माणूस वाईट नव्हता. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. पुढे भिंतीला टेकवलेल्या काचा, मागे पट्ट्या कापायचं यंत्र, पायाखाली भुसा आणि हवेत कायम सरसाचा वास. लोक लग्नाचे फोटो आणायचे, गेलेल्या माणसांचे आणायचे, बक्षीस घेतानाच्या पोरांचे आणायचे. कोपरा जुळवण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. चार पट्ट्या अशा बसवायचा की सांध्यात नख शिरू नये. मात्र त्या कसबाची एक खोड होऊन बसली होती. वाकडं काही दिसलं की त्याचे हात आणि जीभ दोन्ही सुटायचे. एकदा एका घरी सांत्वनाला गेला, तर रडणाऱ्या माणसांतून वाट काढत जाऊन गेलेल्या म्हाताऱ्याच्याच फोटोची फ्रेम सरळ करून आला. बायको लाजेनं अर्धी झाली.

बायको रफू करायची. चौकातल्या लाँड्रीत खिडकीपाशी तिची खुर्ची ठरलेली होती. सिगारेटनं भोक पडलेले कोट, कसरीनं खाल्लेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी तिच्याकडे यायच्या. त्याच कापडाच्या शिवणीतले धागे काढून ती भोक असं विणून काढायची की कापड परत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक फाटलं कुठे होतं तेच शोधत बसायचं. लाँड्रीवाला काउंटरवर कोपर टेकून म्हणायचा, "शोधा, शोधा. सापडलं तर मलाही दाखवा."

दर रविवारी पहाटे फ्रेमवाला गावाबाहेरच्या तळ्यावर जायचा. वीसेक वर्षं त्याचा हा नेम होता. आठदहा जणांची टोळी होती आणि तिचे म्होरके होते पोस्टमनकाका, नोकरीतून सुटलेले, पण अजूनही सायकलवरूनच येणारे. काकांचा एक नियम होता. तळ्यावर पहिल्यांदाच आलेला पक्षी दोघांनी पाहिला असेल तरच खरा धरायचा, एकट्यानं पाहिलेला नाही. मागे एका बहाद्दरानं झाडात अडकलेल्या पिशवीला घुबड ठरवून सगळ्यांना भर थंडीत ताटकळत उभं केलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. दोघांना दिसला की तळ्याच्या पंपघरातल्या फलकावर पक्ष्याचं नाव आणि पुढे तो आधी हेरणाऱ्याचं नाव चढायचं. त्या फलकाला सुंदर सागवानी फ्रेम होती. कुणी करून दिली? आपल्या फ्रेमवाल्यानंच. आणि फलकावर त्याचं नाव किती वेळा होतं? एकदाही नाही! वीस वर्षं दुसऱ्यांच्या नावांना हा माणूस चौकट पुरवत होता.

मग त्याची जुनी दुर्बीण जिन्यावरून पडली. आतलं भिंग हललं आणि एका बगळ्याचे दोन बगळे दिसायला लागले. नवी घ्यायला तो निघाला, तेव्हा बायको म्हणाली, "मीही येते. रविवारी घरी एकटी बसून भिंती बघते, त्यापेक्षा पाखरं बघेन." त्याला बरंच वाटलं. म्हटलं, चला, थर्मास धरायला कुणीतरी होईल.

दुर्बिणीच्या दुकानातला माणूस चांगला होता. त्यानं काचेवर मखमलीचं फडकं अंथरून दोन दुर्बिणी मांडल्या. "ही आठ बाय बेचाळीस, ही बारा बाय पन्नास. पहिला आकडा म्हणजे पक्षी कितीपट जवळ दिसणार. दुसरा म्हणजे पुढची काच किती मोठी, म्हणजे उजेड किती आत येणार. पाखरांसाठी बहुतेक लोक आठ नेतात."

"का? बारा मोठा आकडा नाही का?" फ्रेमवाला म्हणाला.

"मोठा आहे ना. पण बारामध्ये पक्षी जसा बारापट जवळ येतो, तशी तुमच्या हाताची थरथरही बारापट होते. शिवाय दिसणारी जागा लहान होते. पक्षी एकदा सापडला तर बारासारखी मजा नाही, पण तो सापडायला हवा! आठमध्ये आख्खं झाड येतं, बारामध्ये फांदी येते."

कुणाला सांगतोय हा! वीस वर्षं तळ्यावर काढलेल्या माणसाला? फ्रेमवाल्यानं बारा उचलली. दुकानाच्या दारातून समोरच्या इमारतीवरचं कबूतर बघितलं. कबुतराच्या डोळ्याभोवतीचं लाल कडं दिसलं, तसा गडी पाघळला. आठची दुर्बीण त्यानं बायकोच्या हातात ठेवली, "नवशिक्याला आठ पुरे." तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली, रस्त्यावरून फिरवली आणि म्हणाली, "अय्या, त्या बाईच्या कोटाची दुसरी गुंडी वेगळ्या दोऱ्यानं लावलीय."

तिथेच त्यानं ओळखायला हवं होतं.

पहिल्या रविवारी तिनं खंड्या दाखवला. नवशिक्याचं नशीब, तो म्हणाला. दुसऱ्या रविवारी वेताच्या बेटात दडून बसलेला, सगळ्यांच्या नाकासमोर असून कुणालाच न दिसलेला बगळ्याचा भाऊबंद दाखवला. मग तर दर रविवारी, "तो बघा, डावीकडे. वाळकी फांदी, खालून दुसरी," असा तिचा शांत आवाज यायचा आणि दहा दुर्बिणी तिकडे वळायच्या. आपल्या बहाद्दराची दुर्बीण वळायची, पण तिच्यात काय यायचं? पानं. नुसती थरथरणारी, मोठीच्या मोठी पानं! फांदी सापडेपर्यंत पाखरू उडून जायचं, आणि हा म्हणायचा, "हां, हां, पाहिला." कुठला पाहिला! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण या पठ्ठ्याला अंगणालाही नाव ठेवता येत नव्हतं, कारण अंगण त्यानंच हट्टानं निवडलेलं.

दुर्बिणी बदलून घ्याव्यात, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण मागायचं कोणत्या तोंडानं? बारा श्रेष्ठ, आठ नवशिक्याची, हे सगळ्या टोळीला त्यानंच ऐकवलेलं. टोळीतली बँकेतली बाई तर एकदा म्हणाली, "फ्रेमवाले, तुम्ही इतकी वर्षं येताय, पण डोळे खरे वहिनींचे हो!" सगळे हसले, हाही हसला. घरी आल्यावर मात्र भाजी अळणी आहे म्हणून ताट सरकवलं. भाजी अळणी नव्हती. याच्या पोटात दुखत होतं आणि ओवा तरी कशावर मागायचा?

ती बिचारी भोळेपणानं आपल्या कौतुकात त्यालाही वाटेकरी करायला बघायची. "अहो, तो टिटवीचा आवाज तुम्ही शिकवलात म्हणून मला कळला हं." तेही त्याला टोचायचं. ती वाईट वागली असती तर बरं झालं असतं, निदान जळायला कारण तरी मिळालं असतं.

मग वादळ झालं. तीन दिवस नुसता सुसाट वारा. पत्रे उडाले, तारा तुटल्या. त्यानंतरच्या रविवारी टोळी तळ्यावर पोचली तेव्हा पाणी अजून गढूळ होतं. काकांनी माणसं चहूकडे पांगवली. हे नवराबायको पंपघरामागच्या लोखंडी कठड्यापाशी उभे राहिले.

"अहो," बायको एकदम हळू आवाजात म्हणाली, "तो तिसरा खांब बघा. पाण्यातला. सुरय बसलाय, पण पाण्यावर घिरट्या घालणारा आपला नेहमीचा नाही. मोठा आहे. डोक्यामागची पिसं पिंजारलीत. चोच काळी आहे, लांब."

फ्रेमवाल्यानं वैतागून दोन्ही कोपरं कठड्यावर टेकली. आणि गंमत बघा, कोपरं टेकल्याबरोबर थरथर थांबली! खांब स्थिर झाला, खांबावर पक्षी, पक्ष्याची शेंडी. आणि त्या काळ्या चोचीचं अगदी टोक पिवळं, बारीकशा कुंचल्यानं रंगवल्यासारखं. हा समुद्रावरचा सुरय! वादळानं इतक्या आत फेकला गेलेला. पुस्तकातल्या त्या पानावरून त्यानं किती वेळा बोट फिरवलं होतं. या तळ्यावर तो कुणी म्हणजे कुणीच पाहिलेला नव्हता.

क्षणभर तो निव्वळ आनंदात होता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. फक्त क्षणभर. मग त्याला फलक आठवला. नाव कुणाचं लागणार? हेरला कुणी? सहा महिन्यांपूर्वी थर्मास धरायला आलेल्या बाईनं. तिचं नाव त्यानं बनवलेल्या फ्रेममध्ये, आणि हा दर रविवारी ते वाचणार.

पक्षी उडाला, वळसा घेऊन पार पलीकडे दिसेनासा झाला. बायकोच्या हाकेसरशी सगळे धावत आले. काकांना दम लागला होता. तिनं पाहिलं ते सगळं सांगितलं. काका फ्रेमवाल्याकडे वळले.

"तुम्ही पाहिलात?"

"मला काही दिसलं नाही बुवा," फ्रेमवाला म्हणाला. "साधा सुरयच असेल. पाणी चमकतंय, वारा आहे."

"तुम्ही कठड्यावर टेकून बघत होतात ना?" बायकोनं विचारलं.

"बघत होतो. दिसलं नाही."

काका समजुतीनं म्हणाले, "होतं हो असं वहिनी, नवीन माणसाला. मन जे मागतं ते डोळे दाखवतात." आणि सगळे चहाकडे वळले. ती तिथेच खांबाकडे बघत उभी राहिली.

त्या रात्री फ्रेमवाल्याला छान झोप लागली. खोटं कशाला सांगू, लागलीच.

पुढच्या रविवारी ती गप्प होती. त्याच्या पुढच्या रविवारी एका झाडाकडे बोट उचलून तिनं ते पुन्हा खाली घेतलं. "काय गं?" "काही नाही. मला वाटलं, पण नसेल." टोळीत आता फ्रेमवाल्याचा आवाज ऐकू यायला लागला. टिटवी तो दाखवी, घार तो दाखवी, आणि लोक म्हणत, "वा!" हवं होतं ते मिळालं होतं. आता या सुखानं फुगायचं की नाही? पण घरी एक निराळंच सुरू झालं होतं. तिनं मोठ्या उजेडाचा दिवा आणला. दिव्याखाली कोटाची बाही धरून ती चांगलं झालेलं रफू उसवायची, पुन्हा विणायची, पुन्हा उसवायची. "ह्याचा धागा एकाआड एक गेलाय का हो? नीट बघा ना." तो बघायचा. धागा बिनचूक असायचा. "ठीक आहे," म्हणायचा आणि मान खाली घालायचा. आणि ती म्हणायची, "तुम्ही माझं मन राखताय."

सांगायला काय लागत होतं? एक वाक्य! पण ते वाक्य दर दिवशी जड होत गेलं. आज सांगितलं तर काल का नाही सांगितलं, याचंही उत्तर द्यावं लागणार. मूग गिळून बसलेल्या माणसाला ते मूग पचतही नाहीत आणि ओकताही येत नाहीत.

शेवटी तिनंच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. "तुम्ही चला बरोबर," ती म्हणाली. "डोळ्यांत थेंब घातले की परत येताना मला रस्ता दिसायचा नाही." तो गेला.

डॉक्टरीणबाईंनी अक्षरं वाचायला लावली. तिनं शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली, खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. मग हनुवटी टेकवून यंत्रातून तपासलं, थेंब घालून पुन्हा तपासलं. फ्रेमवाला तोवर भिंतीशी उभा होता. तिथे डोळ्याच्या आतल्या भागांचं एक मोठं चित्र लावलेलं होतं आणि ते डावीकडे कललेलं होतं. त्याचे हात शिवशिवायला लागले.

"डोळे उत्तम आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वयात असे डोळे मी फार कमी बघते. तुम्हाला शंका का आली?"

"मला नसलेलं दिसतं," बायको म्हणाली. "तळ्यावर मी एक पक्षी पाहिला. सुरय. डोक्यामागे पिंजारलेली शेंडी, आणि चोच काळी, पार टोकापर्यंत काळी. घरी सगळी पुस्तकं धुंडाळली. शेंडी आहे तिथे टोकापर्यंत काळी चोच नाही, आणि तशी चोच आहे तिथे शेंडी नाही. असा पक्षीच नाही हो."

"पार टोकापर्यंत नाही," फ्रेमवाला चित्र सरळ करता करता, पाठमोराच म्हणाला. "टोक पिवळं होतं."

चित्र सरळ झालं. मग त्याला आपलं बोलणं ऐकू आलं.

बायकोनं त्याच्या आवाजाच्या दिशेला मान वळवली. थेंबांमुळे तिला तो धूसरच दिसत असणार.

"पिवळं," ती म्हणाली. "ते मला आठमधून दिसणारच नव्हतं. ते बारामधूनच दिसतं."

"अगं, ऐक..."

"पाहिलात तुम्ही. माझ्यापेक्षा नीट पाहिलात."

डॉक्टरीणबाईंना यातलं काही कळलं नाही, पण त्याही संसारी बाई होत्या. त्या कागदात डोकं घालून बसल्या.

"कालच लाँड्रीवाल्याला सांगून आले मी," बायको म्हणाली, "दुसरी बाई बघ म्हणून. माझे डोळे फसवतात, कुणाचा चांगला कोट माझ्या हातून बिघडायला नको म्हणून." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "का हो? नुसतं एवढं सांगा, का?"

आणि त्यानं सांगितलं. परक्या खोलीत, परक्या बाईसमोर. "तुला दिसतं म्हणून. मला दिसत नाही आणि तुला दिसतं, म्हणून."

ती उठली. त्यानं धरायला हात पुढे केला. तिनं तो न धरता भिंतीला चाचपत दार गाठलं.

लाँड्रीवाल्यानं तिला परत घेतलं, का नाही घेणार? पण खिडकीपाशी नवीन बाई बसली होती आणि तिला उठवणं हिला बरं वाटलं नाही. आता ही आत, बल्बखाली बसते. घरात बोलणं जेवणापुरतं, दाराच्या कडीपुरतं. "रविवारी सगळ्यांसमोर सांगेन," तो म्हणाला. "सांगा," ती म्हणाली.

रविवारी त्यानं सांगितलं. पंपघरात, फलकाखाली, सगळे चहा पीत असताना. "काका, वादळानंतरचा तो सुरय मी पाहिला होता. चोचीचं टोक पिवळं होतं. समुद्रावरचा सुरय होता तो. त्या दिवशी मी खोटं बोललो."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी फ्रेमवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"समजलं हो," ते म्हणाले. "वहिनींनी मनाला फार लावून घेतलंय, आम्ही बघतोय ना. पण असं नाही धरता येत. त्या दिवशी नाही म्हणालात, आता हो म्हणताय. पिवळं टोक काय, पुस्तकातही असतं."

"काका, खरं सांगतोय! मी पाहिला! मत्सरानं नाही म्हणालो, हिचं नाव लागेल म्हणून!"

यावर सगळी टोळी हसली. प्रेमानं हसली. "फ्रेमवाल्याला बायकोचा मत्सर!" कुणीतरी म्हणालं. "काहीतरीच! बायकोसाठी माणूस स्वतःवर काय काय ओढवून घेतो बघा." त्यानं शपथ घेतली, तसे ते आणखीच हसले. बँकेतल्या बाईंचे तर डोळे भरून आले. त्या त्याच्या बायकोचा हात धरून म्हणाल्या, "वहिनी, भाग्य लागतं हो असा नवरा मिळायला."

"लागतं खरं," बायको म्हणाली.

सगळे कप ठेवून बाहेर पडले. फ्रेमवाला फलकाखाली तसाच उभा होता, घामाघूम, तोंड उघडं. ती दारात थांबली.

"सांगा की अजून," ती म्हणाली. "मीसुद्धा त्या दिवशी खरंच सांगत होते."